प्रतिपक्षास पटेल असें इंग्रजी

गेल्या महिन्यांत येथील विद्यार्थ्यांच्या एका इंग्रजी निबंधस्पर्धेचे परीक्षक म्हणून काम करण्याचा प्रसंग आम्हांवर आला. विषय रत्नागिरीच्या मुलांस अगदीं घरचा होता : हापूस आंबा परदेशीं पाठवावा कीं देशांतल्या बाजारांतच विकावा? कोणताही एक पक्ष घ्यावा आणि तो वाचणाऱ्यास पटवून द्यावा, एवढेंच स्पर्धकांस सांगितलें होतें. आम्ही मोठ्या उत्सुकतेनें गठ्ठा घेऊन बसलों. मोहोर टिकला कीं गळला ह्यावर ज्या घरांचें वर्ष ठरतें, ज्यांचे बाप वैशाखांत पेट्यांच्या राशींशेजारीं झोपतात, त्या घरांतील मुलांकडून आपणांस चार नव्या गोष्टी कळतील अशी आमची समजूत. पहिला निबंध उघडला : आंबा हा फळांचा राजा आहे. दुसरा उघडला : आंबा हा फळांचा राजा आहे. तिसऱ्यांत राजा होताच, शिवाय त्याचें सिंहासनही होतें. निम्म्याहून अधिक कागद ह्या एकाच दरबारांत मुजरा करून पुढें सरकले होते, आणि शेवटीं ‘प्रत्येक नाण्यास दोन बाजू असतात’ असें सांगून दोन्ही पक्षांस सारखाच नमस्कार करून निघून गेले होते. आंबा पाठवावा कीं न पाठवावा हें विचारणारा जो कोणी होता तो बिचारा दारांतच उभा राहिला.

एकच निबंध निराळा निघाला. त्याचें इंग्रजी मोडकें होतें. क्रियापदें कर्त्याशीं भांडत होतीं, आणि उपपदें कोठें घालावीं व कोठें गाळावीं ह्याचा निर्णय त्या मुलानें बहुधा चिठ्ठ्या टाकून केला असावा. पण त्यानें लिहिलें होतें तें असें : माझे वडील पेट्या वाशीस दलालाकडे पाठवितात, माल गेला तरी भाव काय मिळाला हें दलालाची पट्टी घरीं येईपर्यंत कळत नाहीं, पट्टींतून दलाली, हमाली व भाडें वजा होऊन जें उरतें तें आमचें. परदेशीं पाठविणारा व्यापारी डागाचें फळ नाकारतो, साक्याच्या भीतीनें कुरकुरतो, परंतु भाव आधीं सांगतो. म्हणून थोडा माल नाकारला गेला तरी परदेशीं पाठवावें, कारण आधीं कळलेल्या भावावर कर्जाचा हप्ता ठरवितां येतो. ह्या निबंधास आम्हीं पहिला क्रमांक दिला. आमच्या दोघां सहपरीक्षकांनीं त्यास शेवटच्या पांचांत बसविलें. बहुमताचा निकाल आम्हांस मान्य करावा लागला. पण वर्तमानपत्र आमच्या हातीं असल्यामुळें अपील आम्ही येथें दाखल करीत आहोंत.

कोणी म्हणेल, पोरांच्या स्पर्धेवर एवढा लेख कशाला? तर त्याचें कारण असें कीं आंब्याचा हा वाद कल्पनेतला नाहीं. युरोपीय संघानें १ मे २०१४ पासून भारतांतून येणाऱ्या आंब्यावर व चार भाज्यांवर बंदी घातली. आदल्या वर्षीं येथून गेलेल्या फळांच्या व भाज्यांच्या २०७ खेपांत कीड सांपडली, आणि फळमाशी तिकडच्या शेतांत शिरेल, असा त्यांचा आक्षेप होता. आपल्याकडे त्या वेळीं जो संताप झाला तो स्वाभाविक होता. परंतु तिकडील अधिकाऱ्यापुढें हापुसाच्या सुवासाचें वर्णन करून काय उपयोग? सुवास त्यानें नाकारलाच नव्हता. त्याचें म्हणणें माशीबद्दल होतें. तपासणीची व दाखल्याची व्यवस्था सुधारल्याचें दाखविल्यावर २०१५ च्या आरंभीं आंब्यावरील बंदी उठली. आक्षेप ज्या गोष्टीचा, उत्तर त्याच गोष्टीचें, हा पटवून देण्याच्या विद्येतला पहिला धडा त्या एका हंगामांत जिल्ह्यास महागांत मिळाला.

दुसरी गोष्ट आमच्या धंद्यांतली. महाराष्ट्रांतील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, आणि ती असावी हेंच योग्य. परंतु राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणें उच्च न्यायालयाचें काम इंग्रजींत चालतें. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचें खंडपीठ कोल्हापुरास बसूं लागलें आणि रत्नागिरीचें काम तिकडे गेलें. रस्ता जवळ झाला, भाषा तीच राहिली. तिसरें उदाहरण प्रकल्पांचें. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीपूर्वीं पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेंत द्यावा लागतो. शेंकडों पानांचा मूळ अहवाल मात्र बहुधा इंग्रजींत असतो. प्रकल्प हवा म्हणणारा आणि नको म्हणणारा, दोघेही त्या पानांपुढें सारखेच असहाय आहेत. सारांशास उत्तर घोषणेनें देतां येतें. अहवालाच्या एखाद्या कोष्टकास उत्तर द्यावयाचें तर तें कोष्टक वाचून, त्यांतील चूक दाखवून, शांतपणें लिहावें लागतें.

आश्चर्य असें कीं ही विद्या ज्या जिल्ह्यांत आज दुर्मिळ झाली तोच जिल्हा एके काळीं तिचें माहेर होता. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर (पोंभुर्लें आज सिंधुदुर्गांत, १९८१ पर्यंत रत्नागिरींतच) ह्यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं ‘दर्पण’ काढलें तें एका पानावर दोन स्तंभ करून : एकांत मराठी, दुसऱ्यांत इंग्रजी. हा केवळ छपाईचा प्रकार नव्हता. जें आपल्या लोकांस सांगावयाचें तेंच राज्यकर्त्यासही सांगावयाचें, आणि एकास एक व दुसऱ्यास दुसरें असें बोलावयाचें नाहीं, अशी ती प्रतिज्ञाच होती. पुढें नऊ वर्षांनीं, १८४१ सालीं, मुंबईस भास्कर पांडुरंग तर्खडकर ह्या पंचविशीच्या तरुणानें ‘बॉम्बे गॅझेट’ पत्रांत ‘एक हिंदू’ ह्या सहीनें आठ इंग्रजी पत्रें लिहिलीं आणि कंपनीच्या राज्यानें हा देश कसा दरिद्री होत आहे तें इंग्रजांसच त्यांच्या भाषेंत विचारलें. इंग्रजी शिक्षणाची पहिली पिढी अजून पुरती वयांत आली नव्हती, तेव्हांची ही गोष्ट आहे.

परंतु ही विद्या कशी शिकली जाते हें पाहावयाचें असल्यास गुहागर तालुक्यांतील कोतळूक गांवीं १८६६ सालीं जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांकडेच पाहावें. त्यांनींही पाठांतर केलें होतें. फ्रेंच राज्यक्रांतीवरील बर्कच्या ग्रंथाचा मोठा भाग त्यांस मुखोद्गत होता असें त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणून पाठांतरावर सरसकट कोरडे ओढण्यास आम्ही तयार नाहीं. उत्तम वाक्य कानांत बसल्यावांचून स्वतःचें वाक्य कोठें लंगडतें तें कळत नाहीं. मात्र गोखले तेथें थांबले नाहींत. १८८७ पासून पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या इंग्रजी त्रैमासिकाचें काम त्यांजकडे आलें, आणि न्यायमूर्ति रानड्यांच्या हाताखालीं खरी शाळा सुरू झाली. सरकारी अहवाल, जमाबंदीचे कागद, अंदाजपत्रकें ह्यांचे ढीग वाचावयाचे. त्यांतून एक मुद्दा काढावयाचा. तो रानड्यांपुढें ठेवावयाचा. आणि तो परत आला म्हणजे पुन्हा लिहावयाचा. एकदां मेहनतीनें तयार केलेल्या अर्जास सरकारकडून दोन ओळींची पोंच आली, तेव्हां ह्या खटाटोपाचा उपयोग काय असें गोखल्यांनीं विचारलें. रानड्यांच्या उत्तराचा आशय असा होता कीं, हे अर्ज नांवापुरते सरकारला लिहिलेले आहेत; खरोखर ते आपल्या लोकांसाठीं आहेत, ह्या विषयांचा विचार कसा करावा हें लोकांनीं त्यांवरून शिकावें. निबंध कोणासाठीं लिहावयाचा ह्या प्रश्नास ह्याहून चांगलें उत्तर आमच्या वाचनांत नाहीं.

ह्या शाळेची परीक्षा १८९७ सालीं विलायतेंत झाली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढें तिशींतील गोखल्यांनीं साक्ष दिली, आणि उलटतपासणींत आपला आंकडा न् आंकडा सांभाळला. पण त्याच वर्षीं, त्याच विलायतेंत, त्याच माणसानें एक चूक केली. प्लेगच्या तपासणींत गोऱ्या शिपायांनीं पुण्यांत स्त्रियांवर अत्याचार केल्याची हकीकत पुण्याच्या मित्रांच्या पत्रांवरून त्यांनीं तेथील वर्तमानपत्रास सांगितली. परत आल्यावर पुरावा मागतांच पुरावा उभा राहीना, आणि त्यांस जाहीर माफी मागावी लागली. लोकांनीं त्यांस त्याबद्दल फार दिवस टोंचलें. आम्हांस ह्या दोन घटना शेजारींशेजारीं ठेवून वाचाव्याशा वाटतात. भाषा दोन्ही वेळीं तितकीच शुद्ध होती. एका वेळीं कागद हातांत होता, दुसऱ्या वेळीं नव्हता, फरक इतकाच.

१९०२ च्या मार्चांत वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर त्यांनीं पहिलें भाषण केलें तें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें त्यांतील युक्तिवादाची चाल पाहावी. सरकार म्हणे, तिजोरींत शिल्लक आहे, म्हणजे देश सुखी आहे. गोखल्यांनीं शिल्लक नाकारली नाहीं. ती सरकारच्याच आंकड्यांनीं मान्य केली, आणि मग विचारलें कीं दुष्काळ व प्लेग चालू असतांना वर्षामागून वर्ष शिल्लक पडते, ती सुखाची खूण कीं गरजेहून अधिक कर घेतल्याची? मिठाच्या करावर त्यांनीं बोट ठेविलें. मणामागें अडीच रुपयांचा तो कर १९०३ सालीं दोन रुपये झाला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. एकट्या त्या भाषणानें हें घडलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु प्रतिपक्षाचेंच शस्त्र हातांत घेऊन तें फिरविणें म्हणजे काय, ह्याचा तो नमुना आहे. पटवून दिलें म्हणजे जय मिळतोच असेंही नव्हे. प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याचें त्यांचें बिल मार्च १९१२ मध्यें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेंटाळलें गेलें. शिक्षणाच्या हक्काचा कायदा ह्या देशांत १ एप्रिल २०१० रोजीं अमलांत आला, तोंपर्यंत गोखल्यांस जाऊन पंचाण्णव वर्षें लोटलीं होतीं.

रत्नागिरी शहराचे म्हणून ज्यांचा आपण अभिमान धरतों त्या लोकमान्यांची गोष्ट निराळ्या कारणानें सांगण्यासारखी आहे. १८८१ च्या जानेवारींत ‘केसरी’ व ‘मराठा’ निघाले तेव्हां मराठी ‘केसरी’ आगरकरांकडे आणि इंग्रजी ‘मराठा’ टिळकांकडे होता, हें आज पुष्कळांस ठाऊक नसतें. दोन भाषांच्या सीमेवर काय घडूं शकतें ह्याचा अनुभव टिळकांस १९०८ सालीं आरोपीच्या पिंजऱ्यांत आला. खटला ‘केसरी’तील मराठी लेखांवर, ज्युरींतील सात यूरोपियन व दोन पारशी, आणि त्यांतील बहुतेकांस मराठीचा गंध नाहीं. त्यांच्यापुढें लेख आले ते भाषांतराच्या रूपानें. टिळक स्वतः एकवीस तासांहून अधिक बोलले, आणि त्यांतील मोठा भाग अमुक मराठी शब्दाचा अर्थ भाषांतरकारानें केला तो नव्हे, हें समजावण्यांत गेला. सात विरुद्ध दोन मतांनीं दोषी ठरले. दुसऱ्या दिवशीं त्यांचा बावन्नावा वाढदिवस होता. आपलें म्हणणें दुसऱ्याच्या भाषेंत आपण स्वतः न मांडल्यास तें दुसरा मांडतो, आणि तो कसें मांडील ह्यावर आपला ताबा राहत नाहीं. आमच्या मतें इंग्रजी शिकण्याचें राष्ट्रीय कारण तें हें.

आणि ही विद्या कोण्या एका जातीची मिरास नव्हे. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनला आपलें निवेदन इंग्रजींत दिलें, आणि शेतकऱ्याच्या पैशानें वरच्या वर्गांचीं मुलें शिकतात हें सरकारास ऐकविलें. १८८५ सालीं रखमाबाईंनीं ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्रांत ‘एक हिंदू स्त्री’ ह्या सहीनें बालविवाहावर व विधवांच्या स्थितीवर पत्रें लिहिलीं. अजाण वयांत लागलेल्या लग्नाचा नवरा त्यांना नांदावयास नेण्यासाठीं न्यायालयांत गेला होता, आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापर्यंत जो वाद पेटला त्यांत त्या पत्रांचा व त्या खटल्याचा मोठा वांटा होता. त्या वादांत लोकमान्य विरुद्ध पक्षास होते हें लपविण्याचें कारण नाहीं. जिला घरच्या सभेंत तोंड उघडण्याची सोय नव्हती तिला परक्या भाषेच्या वर्तमानपत्रानें जागा दिली, ही गोष्ट आम्हां मराठी पत्रकारांस लाजविणारी आहे.

मंडणगड तालुक्यांतील आंबडवें हें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचें गांव. त्यांचे वडील रामजी सुभेदार ह्यांनीं मुलाकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे धडे कसून करून घेतले होते. मराठी वाक्य इंग्रजींत, इंग्रजी वाक्य मराठींत, रोज, चुकल्यास पुन्हा. ह्या कंटाळवाण्या पायावर जी इमारत उठली ती सर्वांस ठाऊक आहे. १९१६ च्या मे महिन्यांत पंचविशींतील आंबेडकरांनीं कोलंबिया विद्यापीठांत जातिसंस्थेवर निबंध वाचला. १९३६ सालीं लाहोरच्या मंडळानें त्यांचें अध्यक्षीय भाषण बदलून मागितलें. त्यांनीं नकार दिला, परिषद रद्द झाली, आणि भाषण त्यांनीं स्वतःच्या खर्चानें छापलें. पुढल्या वर्षींच्या आवृत्तींत त्यांनीं महात्मा गांधींचे आक्षेप जसेच्या तसे छापून त्यांखालीं आपलें उत्तर दिलें. प्रतिपक्षाचें म्हणणें आपल्याच पुस्तकांत आपल्याच पैशानें छापण्याची छाती ज्यास आहे त्यास युक्तिवादाची भीति नाहीं. आमच्या शाळांतून इंग्रजी निबंध शिकवितांना ह्या एका पुस्तकाची रचना जरी मुलांस दाखविली तरी पुष्कळ होईल.

आतां आमची स्वतःची एक फजिती सांगतों, म्हणजे उपदेश केवळ दुसऱ्यांस केला असें होणार नाहीं. वकिलीच्या दुसऱ्या वर्षीं एका व्यापारी पक्षकारासाठीं एका कार्यालयाकडे आम्हीं इंग्रजी अर्ज लिहिला. अकरा पानें झालीं. त्यांत न्यायाचीं तत्त्वें होतीं, विलायतेंतील दोन न्यायमूर्तींचीं वचनें होतीं, आणि ‘अत्यंत विनम्रपणें’ हा शब्द निदान सात वेळां होता. कार्यालयानें अर्ज परत पाठविला : कोणत्या तारखेच्या कोणत्या हुकुमाविरुद्ध आपली तक्रार आहे तें लिहावें. अकरा पानांत तेवढेंच राहिलें होतें. दुरुस्ती करून पाठवितों तों मुदत टळली. पक्षकार सभ्य गृहस्थ, रागावले नाहींत. जिना उतरतांना एवढेंच म्हणाले, ‘वकीलसाहेब, इंग्रजी मात्र फार सुंदर होतें हो.’ तें वाक्य आम्हांस अजून मधून मधून रात्रीं ऐकूं येतें.

तेव्हांपासून आम्ही जें शिकलों तें थोडक्यांत असें. आधीं मराठींत एका वाक्यांत सांगतां आलें पाहिजे कीं आम्हांस काय हवें आहे आणि कां. हें वाक्य न सुचल्यास इंग्रजी सुचून उपयोग नाहीं. आमची बोलण्याची रीत अशी कीं आधीं वातावरण बांधावयाचें, पाल्हाळानें जवळ जावयाचें, आणि मागणी शेवटीं, जातां जातां, उंबऱ्यावर करावयाची. इंग्रजी वाचकास मागणी पहिल्या परिच्छेदांत लागते; तो उंबऱ्यापर्यंत थांबत नाहीं. ह्यांत एक रीत श्रेष्ठ व दुसरी हीन असें नव्हे. पाहुणा ज्या गांवचा त्या गांवचें जेवण वाढावें, इतकेंच. मग प्रतिपक्ष. त्याचें सर्वांत बळकट म्हणणें, दुबळें नव्हे, त्यास स्वतःस मान्य होईल अशा शब्दांत लिहावें आणि त्यासच उत्तर द्यावें. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन लहानपणीं छापखान्यांत उमेदवारी करीत असतां ‘स्पेक्टेटर’ पत्रांतील निबंध वाचीत, प्रत्येक वाक्याच्या आशयाची दोनतीन शब्दांची टांचणें करीत, कांहीं दिवस तीं बाजूस ठेवीत, आणि मग टांचणांवरून निबंध पुन्हा स्वतः लिहून मुळाशीं ताडून पाहत. कधीं टांचणें मुद्दाम विस्कटून क्रम पुन्हा लावीत. हें त्यांनीं आत्मचरित्रांत स्वतः सांगितलें आहे. ह्यास ना शिकवणी लागते, ना पैसा. त्याच ‘स्पेक्टेटर’च्या ॲडिसनचा आणि डॉ. जॉन्सनचा अभ्यास करून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं मराठी निबंधास हाडपेर दिलें, आणि सरकारी नोकरी सोडण्यापूर्वीं ते ह्याच रत्नागिरीच्या हायस्कुलांत शिक्षक होते. एका भाषेचा व्यायाम दुसऱ्या भाषेस असा उपयोगी पडतो.

दोन आक्षेप आम्हांस दिसतात. पहिला आमच्या राष्ट्रीय मित्रांचा : मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि तुम्ही इंग्रजीचा कैवार कसला घेतां? आमचें उत्तर असें कीं आम्ही इंग्रजीचा कैवार घेत नाहीं. ज्यांस मराठींत एक पान सुसंगत लिहितां येत नाहीं त्यांस इंग्रजींतही येणार नाहीं, एवढेंच सांगत आहोंत. स्पर्धेतल्या त्या राजा-सिंहासनवाल्यांपैकीं अनेक मुलें इंग्रजी माध्यमांतील होतीं. बापानें फी भरली, मुलानें शब्द मिळविले, आणि म्हणणें कोणाकडेच उरलें नाहीं. दुसरा आक्षेप अधिक नवा : आतां यंत्र एका क्षणांत निर्दोष इंग्रजी निबंध लिहून देतें, मग हा व्याप कशासाठीं? खरें आहे. आंबा हा फळांचा राजा आहे हें वाक्य यंत्र आमच्या कोणत्याही मुलापेक्षां शुद्ध लिहील. परंतु वडिलांच्या पट्टींत हमाली किती गेली तें यंत्रास कोणी तरी सांगितलें पाहिजे, आणि तें सांगण्यासारखें आहे हें ज्यास कळलें त्याचें अर्धें शिक्षण तेथेंच झालें. व्याकरण यंत्रानें सुधारून दिल्यास आमची हरकत नाहीं.

आमची सूचना लहान आहे. १८२८ सालीं स्थापन झालेलें नगर वाचनालय ह्या शहरांत आहे, शाळांच्या खोल्या संध्याकाळीं रिकाम्या असतात, आणि निवृत्त शिक्षकांचा येथें तोटा नाहीं. आठवड्यांतून एक संध्याकाळ दहाबारा मुलांनीं व चारदोन तरुण व्यापाऱ्यांनीं एकत्र बसावें. विषय पुस्तकांतले नकोत. वाहतुकीच्या भाड्याबद्दल पत्र, परत आलेल्या मालाबद्दल परदेशच्या गिऱ्हाइकास उत्तर, नगरपरिषदेस पाण्याबद्दल अर्ज, एखाद्या अहवालांतील एका कोष्टकावर हरकत. प्रत्येकानें आधीं मराठींत लिहावें, मग इंग्रजींत; आणि शेजाऱ्यानें प्रतिपक्ष होऊन तें फाडावें. वकीलवर्गानें ह्यांत यावें, कारण फाडण्याची संवय आम्हांस आहे. आमची एक संध्याकाळ आम्ही आजच देऊं करतों.

तो पट्टीवाला मुलगा गेल्या रविवारीं निबंध परत लिहून घेऊन आमच्याकडे आला होता. आम्हीं त्यास एकच विचारलें : परदेशीं पाठविणाऱ्यानें नाकारलेलें फळ कोठें जातें? ‘कॅनिंगला, काका,’ तो म्हणाला. मग तो भाव तुझ्या हिशेबांत कोठें आहे? तो कांहीं वेळ कागदाकडे पाहत राहिला. कॅनिंगचा भाव धरल्यावर त्याचा पक्ष टिकतो कीं नाहीं हें त्यास ठाऊक नव्हतें, आम्हांसही नव्हतें. गेल्या तीन हंगामांच्या पट्ट्या घरीं पोटमाळ्यावर एका ट्रंकेंत आहेत, त्या काढून पाहतों, असें सांगून तो गेला आहे.